डेल्मरच्या कमरेची दोरी

नवऱ्याच्या कमरेला दोरी बांधून हायवेवर उभी राहणारी बाई अख्ख्या वायोमिंगमध्ये मीच एकटी असेन. हसायचं तर हसा. त्या दिवशी टकरही हसला होता.

टकर म्हणजे आमच्या पट्ट्यातला हायवे पोलीस. मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख, आणि वारा असा मेला सुटलेला की जमिनीवरचं बर्फ गुडघ्याइतक्या उंचीने सरसर धावत होतं. वर बघावं तर निळंशार आभाळ, खाली बघावं तर स्वतःचे बूट दिसेनात. एल्क पर्वताच्या पायथ्याला हे रोजचंच आहे. एक छोटी निळी गाडी रस्त्यावरून घसरून उजवीकडच्या उतारावर गेली होती. आतल्या बाईला खरचटलंही नव्हतं, टकरने तिला आपल्या गाडीत बसवलं होतं. निळी गाडी वर ओढून काढायचं काम आमचं होतं, म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं, डेल्मरचं.

टकरने डेल्मरच्या कमरेची दोरी पाहिली, मग ती जिथवर येत होती तिथवर बघत बघत माझ्या हातापाशी पोचला.

"हे काय नोरीनबाई? पळून जाईल म्हणून बांधून ठेवलाय?"

"वारा बघतोस ना," मी म्हटलं. "उडून गेला तर दुसरा कुठून आणू?"

"या वयात दुसरा मिळेल की."

"तुझ्यासारखेच मिळतील. त्यापेक्षा हा बरा."

तो हसला आणि विषय तिथेच संपला. मी मात्र आतून चरकले होते, कारण दोरीचं खरं कारण वारा नव्हताच.

खरं कारण असं, की डेल्मरला ऐकू येत नव्हतं. घरात, समोरासमोर, माझे ओठ बघून त्याचं भागायचं. पण वाऱ्यात, आणि त्यात आमच्या टोइंगच्या गाडीचं इंजिन घरघरत असलं की त्याच्या कानाशी तोफ डागली तरी पत्ता लागला नसता. वर्षभरापासून हे चाललं होतं. लायसन्ससाठी डॉक्टर तपासतात, पाच फुटांवरून कुजबुजतात आणि काय म्हटलं ते सांगायला लावतात. आमचा डॉक्टर कुजबुजताना तोंडावर हात धरायला विसरला, आणि हा पठ्ठ्या पास होऊन आला! संध्याकाळी मला ऐटीत सांगितलं. कानात मशीन घाल म्हटलं, तर एकदा घातलं, आणि म्हणाला, यात नुसता वाराच ऐकू येतो, मग ते मशीन डब्यात गेलं.

आता तुम्ही म्हणाल, टोइंगवाल्याला कान कशाला हवेत? तर ऐका. मागच्या हिवाळ्यात आमच्याच कामावरचा रॉस्को याच रस्त्यावर गाडीखाली गेला. टायरपाशी गुडघे टेकून बसला होता, रस्त्याकडे पाठ करून, भर दुपारी. त्यानंतर आमची मालकीण बर्निस, जी ऑफिसात बसून वायरलेसही स्वतःच सांभाळते, तिने नियम काढला. गाडीवर दोन माणसं जायची. एकाने काम करायचं. दुसऱ्याने फक्त येणाऱ्या गाड्यांकडे बघायचं. पाना द्यायचा नाही, फोन घ्यायचा नाही, काही नाही. हातात भोंगा. भोंगा वाजला की काम करणाऱ्याने हातातलं टाकून रस्त्यापासून लांब, उतारावर पळायचं. काय येतंय ते वळून बघायचंसुद्धा नाही, कारण बघण्यातच जीव जातो.

डेल्मरसोबत जायला कुणी तयार होईना, कारण हा माणूस पाना उलटा धरला तरी खेकसतो. मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती, खेकसणं मला नवीन नाही. मी म्हटलं, मी जाते. बर्निसने मला भोंगा दिला आणि विचारलं, "नोरीन, त्याला नीट ऐकू येतं ना?" आणि मी, डोळ्याला डोळा भिडवून, म्हटलं, "अगं, माझ्या मनातलंसुद्धा ऐकू येतं त्याला."

खोटं बोलले. का बोलले? तीस वर्षं हा माणूस सकाळी बूट घालताना शीळ घालतो. ते काम गेलं तर तो घरात कसा दिसेल, ते मला दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणून मग आम्ही दोरी काढली. एक टोक त्याच्या पट्ट्याला, दुसरं माझ्या हातात, लांबी तीस पावलं. मी भोंगा वाजवणार तो नियमासाठी, आणि दोरीला हिसका देणार तो त्याच्यासाठी. हिसका बसला की त्याने पळायचं.

तर त्या सकाळी टकरच्या वायरलेसवर निरोप आला. चार मैल पुढे दोन ट्रेलर एकमेकांवर आदळले होते, माणसं अडकली होती. त्याला जावंच लागणार होतं.

"मी गेलो की तुमच्या मागे माझे दिवे नसतील," तो खिडकीतून म्हणाला. "तासाभरात दुसरी गाडी पाठवतो. तोवर हात लावू नका. केबिनमध्येही बसू नका, खाली उतारावर जाऊन थांबा. कळलं ना डेल्मर?"

डेल्मरने अंगठा वर केला. टकरच्या मिशीआडून त्याला काय कळलं असेल, देव जाणे. टकर निळ्या गाडीवाल्या बाईला घेऊन निघून गेला.

मी डेल्मरच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पोलीस गेला. आता थांबायचं. एक तास."

"दहा मिनिटांचं काम आहे, नोरीन. तारेचा आकडा लावून झालाय."

"नियम आहे."

"या थंडीत तासभर उतारावर बसायचं? तुझे गुडघे बघ आधी. दहा मिनिटं. मग घरी जाऊ."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. शाळेच्या बसमध्ये एक पोर उभं असलं तरी मी ब्रेकवरचा पाय काढत नसे, आणि नवऱ्यापुढे मात्र माझं काही चालत नाही. दहा मिनिटं, म्हटलं, वर एक नाही.

मी माझ्या जागी गेले, गाडीच्या मागे तीस पावलांवर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. माझ्यापुढे आणखी साठ पावलांपर्यंत आमचे नारिंगी शंकू तिरक्या ओळीत मांडलेले होते. डेल्मरने तार सरळ यावी म्हणून गाडी हातभर मागे घेतली. त्यासाठी कमरेची दोरी सोडली, परत उतरला, परत बांधली, आणि रस्त्याच्या उलट्या बाजूला, तार गुंडाळायच्या यंत्राच्या दांड्यांपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दोरी बर्फाखाली होती. मला दोरी दिसत नव्हती, हातात फक्त तिचं टोक होतं.

गाड्या येत होत्या, जात होत्या. बहुतेक जण आमचे पिवळे दिवे बघून पलीकडच्या लेनमध्ये सरकत होते. काही मेले सरकतही नव्हते, आणि वर हात हलवून दाखवत होते. पाच मिनिटं झाली. सहा झाली. मी एकदा मागे बघितलं, निळी गाडी अर्ध्या उतारावर आली होती. मी लगेच मान वळवली.

आणि तो ट्रेलर दिसला.

पांढरा, लांबलचक, आणि रिकामा. रिकामा ट्रेलर वाऱ्यात कसा चालतो ते मला लांबूनच कळतं. आधी शेपूट किंचित डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग डावीकडे आणखी जास्त. ड्रायव्हरने ब्रेक दाबला असणार, आणि त्या निसरड्यावर तेच नको होतं. ट्रेलरची मागची बाजू हळूच, अगदी सावकाश, साइडपट्टीवर यायला लागली.

मी भोंगा दाबला. तीनदा दाबला. डेल्मर दांड्यांवर वाकलेला तसाच.

मी दोरीला हिसका दिला.

दोरी हललीच नाही. खांबाला बांधल्यासारखी ताठ. दोन्ही हातांनी ओढली, मागे रेलून ओढली, तरी नाही. पहिला शंकू उडाला, मग दुसरा. माझ्या डाव्या हाताला दोन पावलांवर उतार होता. दोन पावलं टाकली असती तर मी सुटले असते. नियमही तोच आहे, आधी स्वतः बाजूला हो.

मी दोरी टाकली आणि डेल्मरकडे धावत सुटले. साइडपट्टीवरून, येणाऱ्या ट्रेलरकडे पाठ करून, अगदी रॉस्कोने जे केलं तेच. ओरडत होते, "डेल्मर! डेल्मर!" आणि ओरडतानाच मला कळत होतं की मी कुणाला हाका मारतेय.

गाडीपासून चार पावलांवर असताना मागून वाऱ्याचा धक्का बसला आणि मी तोंडावर आपटले. डोक्याशेजारून चाकं गेली. किती जवळून ते विचारू नका, मी डोळे मिटले होते. मग काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, आणि मग नुसताच वारा. ट्रेलर सावरून पुढे निघून गेला होता. आमच्या गाडीचा डावा आरसा दांड्यासकट गायब होता.

डेल्मर वळला. आरसा गेला तेव्हा गाडी हादरली असणार, म्हणून वळला. त्याने गाडीला वळसा घालून बघितलं, तर मी साइडपट्टीवर पालथी पडलेली.

"नोरीन! अगं काय झालं? घसरलीस?"

घसरलीस म्हणे! मी आडव्या झालेल्या शंकूंकडे बोट दाखवलं, मग आरशाच्या जागी. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मला काखेत धरून उतारावर नेलं, बसवलं, माझ्या कपाळावरचं बर्फ पुसलं.

"तू वाजवलास भोंगा?"

मी मान हलवली.

"आणि दोरी?"

तो वर चढून गाडीपाशी गेला. मी बसल्या जागेवरून बघत होते. मागच्या चाकाखाली त्याची नजर गेली. गाडी हातभर मागे घेतली तेव्हा ते चाक दोरीवर चढलं होतं. तो खाली आला, माझ्याजवळ बसला. मला वाटलं, आता हा स्वतःच म्हणेल, बस झालं हे काम. मी मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होते की त्याने म्हणावं.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "दोरी वरून घेऊ. टपावरच्या दिव्यांवरून. म्हणजे चाकाखाली यायची नाही."

पुढच्या वेळी! मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, भीतीने रडतेय. पाठीवरून हात फिरवत राहिला.

तासाने दुसरी पोलीस गाडी आली, मागे दिवे लावून उभी राहिली. उरलेलं काम खरोखरच चार मिनिटांत झालं. निळी गाडी मागे चढवली, साखळ्या बांधल्या, आम्ही केबिनमध्ये बसलो. हीटरचा पंखा जोरात लावला. डेल्मरने थर्मास उघडला आणि दोन पेल्यांत कॉफी ओतायला घेतली. माझ्या पेल्यात साखर जरा जास्तच टाकत होता.

वायरलेसवर बर्निसचा आवाज आला. "नोरीन, झालं का तुमचं? रॉलिन्सजवळ आणखी एक आहे. जाल?"

मी वायरलेस उचलला. चेहरा खिडकीकडे वळवला.

"बर्निस, डेल्मरला ऐकू येत नाही."

"काय?"

"वाऱ्यात अजिबात नाही. भोंगासुद्धा नाही. वर्ष झालं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. आज आम्ही दोघंही मेलो असतो. त्याला आता रस्त्यावर पाठवू नकोस. मी रडले, पाया पडले, तरी पाठवू नकोस."

मग बर्निस हळूच म्हणाली, "तो कुठे आहे आता?"

"माझ्या शेजारी."

"शेजारी? आणि तू हे त्याच्यासमोर..." ती मध्येच थांबली. तिला कळलं.

मी वायरलेस ठेवला. डेल्मरने पेला माझ्या हातात दिला. "काय म्हणतेय बर्निस?" त्याने विचारलं. "आणखी एखादी गाडी आहे ना? चल, आपण घेऊ. मी आहे ठीक."

मी पेला बाजूला ठेवला. त्याची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला, म्हणजे त्याला माझे ओठ नीट दिसतील. चाळीस वर्षांचा संसार आमचा. अशी हनुवटी मी दुसऱ्याच एका कारणासाठी धरत आले होते. सकाळच्या त्या प्रसंगानंतर त्याला तेच वाटलं असावं. तो जरासा हसला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड, डेल्मर," मी म्हटलं.

त्याने उघडले नाहीत. मी त्याची हनुवटी तशीच धरून थांबले.