पाच की सहा

दुपारपर्यंत संख्याशास्त्राचा गृहपाठ गेला नाही, तर माझं वर्ष वाया जाणार होतं. मांडीवर बाळ नुकतंच झोपलं होतं. सहा बाळांच्या वजनांचा व्हेरियन्स, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप, काढायचा होता. शिकवणीच्या बाई म्हणाल्या होत्या, पाचने भाग.

"सहाने भाग वं ताई," इंजिनियर भाऊ जितेंद्र फोनवर चिडला. "बाईवरच भरोसा आहे, तं मले काहून विचारून राहिली?"

बाळ चुळबुळलं. त्याला थोपटत मी प्रश्न पुन्हा वाचला. ही सहा बाळं दवाखान्यातल्या पुष्कळ बाळांमधून नमुना म्हणून निवडलेली होती. दोघांनाही मी नुसते आकडेच सांगितले होते! फक्त या सहांपुरतंच असतं, तर जितेंद्रचं सहा बरोबर; पण नमुन्यावरून साऱ्या बाळांचा अंदाज करायचा, तर एक कमी करूनच भागायचं.

पाचने भागलं, पाठवलं.

"ऊठ आता, राजा, झालं माझं," मी बाळाला म्हटलं. तो गाढ झोपला होता.