कोरड्या रकान्यातला आकडा

"आई, निघालं!"

वेदिकाने बादलीतून दोन्ही मुठी वर काढल्या. एकीत बकलाचा एक तुकडा, दुसरीत दुसरा. तिच्या डोक्यावर तांब्या ओतायला उचललेला मृणालीचा हात तसाच राहिला.

"कसं काढलंस गो? बाजूनं दाबलंस?"

"नाय. ओढलं."

मृणालीने बकल परत लावलं. टक् आवाज झाला. मग बाजूच्या जिभा न दाबता तिने नुसतं ओढलं. थोडा जोर लागला आणि ते निघून आलं.

कारखान्यातून नमुना म्हणून आणलेलं ते बकल गेले दहा दिवस पोरीचा मासा होऊन याच बादलीत पडलेलं असायचं. कारखान्यात हेच बकल तिने पाय रोवून ओढलं होतं, तेव्हा हललंसुद्धा नव्हतं. तेव्हा ते कोरडं होतं.



एमआयडीसीत आत्मारामशेठच्या कारखान्यात मृणाली प्लॅस्टिकच्या दाण्याचे, म्हणजे बकलांच्या कच्च्या मालाचे, गुणधर्म लिहिलेले कागद सांभाळायची. दाणा कुठल्याही कंपनीचा असो, कागदावरचे आकडे एकाच ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात, म्हणून दोन कागद शेजारी ठेवून ताडता येतात. तिला ते काम आवडायचं. बकलांना लागणारा नेहमीचा, अ‍ॅसिटाल नावाच्या प्लॅस्टिकचा दाणा मिळेना, तेव्हा तिनेच तक्ता करून नायलॉन सुचवलं होतं. ताकद जास्त, ताठपणाही जास्त. शेठ म्हणाले होते, "तू बघितलंस ना? मग झालं."

ओल्या हातानेच तिने मोबाइलवर नायलॉनचा कागद उघडला. नायलॉनच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे, मधे तिरकी रेघ. पहिला कोरड्या नमुन्याचा, दुसरा हवेतलं पाणी प्यायलेल्या नमुन्याचा. ताठपणाचा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता. अ‍ॅसिटाल पाणी फारसं पीत नाही, त्याच्या कागदावर एकच आकडा. म्हणून तक्त्यात तिने एकच रकाना आखला आणि नायलॉनचा पहिला आकडा उचलून त्यात लिहिला. हर्णेच्या बंदरात वाढलेल्या, दारातले कडक बोंबील एका सरीत मऊ पडताना शंभरदा बघितलेल्या मुलीने!

ती बकलं हर्णेच्या सात बोटींवरच्या लाइफ जॅकेटांना लागली होती. त्यातल्या एका बोटीवर तिचा धाकटा भाऊ लवू होता. तो जाकीट उशाला घेऊन झोपायचा. दिवाळीत तिनेच त्याला शपथ घातली होती, "माझा हात लागलाय त्याला. आता तरी अंगात घालशील?" तेव्हापासून तो घालत होता.

"आई, हिचं अंग पुसा. मी निघते," तिने सासूबाईंना हाक दिली.

"अगो, चहा तरी घे," सासूबाई म्हणाल्या.

"लवू समुद्रात हाय, आई."

"तो रोजच असतो."

मृणालीने बकल मुठीत घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

कारखान्यात आत्मारामशेठनी ते बकल तीनदा लावलं आणि तीनदा ओढून काढलं. चौथ्यांदा लावलं नाही.

"बादलीत साबण असेल. कढत पाणी असेल."

"शेठ, समुद्रात ती महिनाभर भिजतायत."

"बोटी बंदराला आल्या की गपचूप बदलून देऊ. आत्ता बोंब मारलीस तर उद्या कोण आपला माल घेईल?"

"आणि आत्ता कोण पाण्यात पडला तर?" तिचा आवाज फाटला. ही नोकरी आज जाणार, हे तिला दिसत होतं. "तक्ता मी केला. चूक माझी. तसं लिहून देते. पण फोन लावू द्या."

शेठनी बकल टेबलावर ठेवलं आणि फोन तिच्याकडे सरकवला.

"तक्त्याखाली सही माझी हाय," ते म्हणाले. "लाव."

हर्णेच्या मच्छीमार सोसायटीत केरूकाका वायरलेसवर बसत.

"काका, जाकिटाचा पट्टा बकलावर सोडू नका म्हणावं. वरनं दोरीनं गाठ मारा. सगळ्यांनी."

"वारं सुटलंय गो. सकाळीच बंदरावर धोक्याचा बावटा लागला," काका म्हणाले. "थांब, एकेकाला हाक मारतो."

दुपारपर्यंत पाच बोटींचं उत्तर आलं. लवूची त्यांत नव्हती. मृणाली जेवायला उठली नाही. मोल्डिंग मशीनचा प्रत्येक धपका तिला छातीत ऐकू येत होता. चार वाजून गेल्यावर केरूकाकांनी फोन वायरलेसच्या तोंडाशी धरला. खरखरीतून आवाज आला.

"ताय! सगळ्यांना आवळून बांधलंय. आता जेवायचं कसं ते सांग!"

"लवू..."

"रडतेस कशाला? तुझं बकल कालपासनं सुटत होतं. मला वाटलं, माझंच पोट सुटलंय!"

मागे कोणीतरी हसलं. मग नुसती खरखर.

तिने टेबलावर डोकं टेकवलं. शेठ जवळ आले.

"सापडला ना भाऊ? जा आता. पोरगी वाट बघत असेल."

"एक बोट राहिलीय, शेठ."

त्या बोटीचं नाव 'दर्यादौलत'. तिच्यावरच्या सहाजणांपैकी एकाचंही नाव मृणालीला माहीत नव्हतं.

पाळी सुटली. मशीन थंडावली, बाया डबे घेऊन फाटकाकडे निघाल्या. फोनमधून केरूकाकांची हाक येत होती, "दर्यादौलत... दर्यादौलत..." प्रत्येक हाकेनंतर काका थांबत, आणि तेवढा वेळ ती श्वास धरून बसे.

शेठनी दिवा लावला, खुर्ची ओढली आणि तेही तिच्या समोर वाट बघत बसले.