माझा नकार कुणी वाचला नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत माझी नऊ वर्षं गेली. रुग्णाच्या उरलेल्या पायाचं माप माझ्यात भरायचं आणि त्याबरहुकूम शेजारच्या यंत्राने साचा कोरायचा, असं आमचं काम. माझ्याकडच्या मापांचे पाय घालून माणसं जिने चढली. कारागीरकाका मला रोज फडक्याने पुसत आणि म्हणत, "हा आहे म्हणून माझं चाललंय!" ते ऐकून मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग काकांच्या भाच्याने माझ्यात नवी प्रणाली घातली. "मामा, आता बघा कसा पळतो!" पळतो कसला, डोंबल! त्या प्रणालीने मापांच्या फोल्डरला कुलूपच ठोकलं. जुनी मापं वाचता येत होती, नवीन लिहिता येईना. मी पडद्यावर स्पष्ट सांगायचो, 'फाइल जतन झाली नाही. या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.' पण काकांना न वाचताच 'ठीक आहे' दाबायची सवय.

एके दिवशी टपाल वाटणारी ताई आली. साखरेच्या आजाराने तिचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. मागच्या वर्षी इथेच बनवलेला कृत्रिम पाय मोडला होता आणि महिन्याभरात कामावर परतायचं, हा एकच ध्यास तिने घेतला होता. उरलेला पाय वर्षभरात जाड झाला होता, म्हणून काकांनी नवं माप घेऊन माझ्यात भरलं. मी नाही म्हणालो. त्यांनी 'ठीक आहे' दाबलं, आणि यंत्राने माझ्यात आधीपासून असलेलं मागच्या वर्षीचंच माप कोरलं.

"आवळत नाही ना गं?" पाय चढवताना काकांनी विचारलं.

"साखरेमुळे मला तिथं काही कळतच नाही हो, काका. पण उभी राहिले बघा!"

काकांचे डोळे भरून आले. मी आतल्या आत जळत होतो.

घट्ट पाय आवळून आत जखम झाली, तीही तिला कळली नाही. कळलं तेव्हा पू झाला होता. डॉक्टरांना पाय आणखी वर कापावा लागला.

त्यानंतर संगणक दुरुस्त करणारी बाई आली. तिने फोल्डरला लिहिण्याची परवानगी दिली. दोन मिनिटांचं काम!

"काका, हा संदेश किती दिवस येत होता?"

"रोजच. मला वाटलं, जुना झालाय, कुरकुरतोय." काका म्हणाले.

मित्रांनो, यंत्रं खुशाल नवी करा, पण आम्ही काय म्हणतो ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आम्हाला ओरडता येत नाही हो!

परवा ताई चाकांच्या खुर्चीतून आली. काकांनी तिच्यापुढे हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "माप घ्या, काका."

या वेळी ते नीट जतन झालं. आधीच्यापेक्षा चार बोटं आखूड आहे.