जावयाचा पहिला मान

मी दोर बोलतोय. कड्यावरून माणसं खाली सोडायचा दोर. निळा, करंगळीएवढा जाड. एक डाग सोडला तर दिसायला अजून नवाकोरा आहे, पण आतून जळालोय. आज माझ्यावर माणूस सोडला, तर तो मला पेलणार नाही.

मला शांतवन पाळकांनी आणलं. कोडोलीजवळच्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये बायका गीतं म्हणायच्या आणि नवरे फाटकाबाहेर गाडीवर बसून मोबाइल चाळायचे. पाळक म्हणाले, "ही आत येत न्हाईत न्हवं? मग आपणच भाईर जाऊया की!" तेव्हापासून शनिवारी पुरुष मंडळ कड्यावर. उतरून झालं की खडकावर चहा, भडंग आणि बायबलमधला एखादा उतारा. घरी तोंडातून शब्द न काढणारे गडी इथं पाय लटपटले की बापाच्या आठवणीनं रडायचे. मला त्यांचा फार लळा लागला.

मी राहायचो चर्चमागच्या खोलीत, इन्व्हर्टरशेजारी. किल्ली चर्चची देखभाल करणाऱ्या आकारामतात्यांकडे. पावसाळ्यात कड्यावर जाणं बंद होतं, तेव्हा बॅटरी सरकवताना तात्यांच्या हातून ॲसिड माझ्यावर सांडलं. त्यांनी मला नळाखाली धुतलं, वाळवलं, गुंडाळून ठेवलं. धोतराचा डाग काढावा तसं. कुणाला सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नाही. ॲसिड मात्र माझ्या धाग्यांत शिरलं होतं.

आज, पाऊस सरल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, तात्यांचे जावई राजवीर जयसिंगपूरहून आलेत. लग्न झाल्यापासून तात्यांची लेक संयोगिता त्यांना चर्चला बोलावून थकली. काल फोनवर ते आपणहून म्हणाले, "कड्यावरनं उतरून बघतो. बरं वाटलं तर रविवारी उपासनेला येतो." तात्यांना आभाळ ठेंगणं झालं.

एरवी पाळक मला बोटांनी चाचपतात, मग दगडांचं पोतं लटकवून बघतात. आज तात्यांनाच घाई.

"पोतं ऱ्हाऊ द्या वो! जावयाला ताटकळत ठेवायचं व्हय? पावणं, पहिला मान तुमचा!"

पाळक हसले आणि त्यांनी ऐकलं. राजवीरच्या कमरेचा पट्टा मला अडकवला. सगळ्यांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू झाली.

तात्यांचे डोळे मात्र उघडेच होते. कड्याच्या धारेपाशी माझ्या अंगावरचा तपकिरी, कडक झालेला डाग त्यांना दिसला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. चालू प्रार्थनेत बोलायचं कसं? आणि जावयापुढं सांगायचं तरी काय?

तात्या, प्रार्थना मोडली म्हणून देव रागावत नाही हो. जावयापुढं मान खाली गेली तर जाऊ द्या. मला भीती वाटतेय. लेकीसाठी तरी ओरडा!

"आमेन," सगळे म्हणाले. तात्यांनीही म्हटलं.

"येतो मामा," राजवीर हसून म्हणाले, आणि मागं झुकून त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला.