साठ बोटुकली आणि गावची विहीर

उजाडता उजाडता कडूबाई परसातल्या हौदाशी आली, तर मासे तोंडं वर काढून आ वासत होते. साठच्या साठ. पण ती कपाळ बडवणाऱ्यातली नव्हती. अठ्ठ्याहत्तरात नामांतराच्या दंगलीत घर जाळलं, तेव्हाही तिनं आधी राखेतून भांडी उपसली होती.

चूक तिचीच. येलदरीच्या धरणावर मासे धरणारा तिचा भाऊ लिंबाजी. त्यानं बोटाएवढी पिलं, बोटुकली, दिली; तीस पुरे, असं बजावलंही. हावरटपणानं तिनं साठ आणली. वर मायेनं मूठ मूठ पेंड टाकली. पेंड कुजली, पाणी बिघडलं.

हा खटाटोप काही हौसेचा नव्हता. गावच्या विहिरीवर बौद्धवाड्याला पोहरा टाकू देत नव्हते. त्या विहिरीत कबुतरांची घाण चाले, कडूबाईची सावली चालत नसे. मग ओढ्यावरून डोक्यावर आणलेलं पाणी पुरवून पुरवून वापरायचं. माशांचं गढूळ पाणी खडी भरलेल्या फुटक्या पिंपात ओतायचं, खडीत वांगी-पालक जगवायची, नि खालून निथळलेलं पाणी पुन्हा हौदात.

तिनं पेंड बंद केली. बादलीनं उंचावरून पाणी ओतून हौद ढवळला. मासे जरा सावरले. पण निम्मे आजच्या आज हलवले नाहीत, तर सगळेच जाणार होते.

तेवढ्यात सरपंच किशनरावांचा गडी चंद्रभान आला. विहिरीत डासांच्या अळ्या झाल्यात, पोरं तापानं फणफणलीत, डॉक्टरनं मासे सोडायला सांगितलंय, असं म्हणाला. तुझे मासे घागरीत भरून लांबूनच दे, हेही सांगून टाकलं.

"तुज्या हातानं मरतील," कडूबाई म्हणाली. "मीच येते."

तीस मासे घागरीत घेऊन ती निघाली. काठावर किशनराव उभे होते. घरात त्यांचा नातू तीन दिवस तापानं पडलेला.

"घागर ठिव अन् सरक. चंद्रभान वतील."

"वतली की मेलीच समजा, सरपंच. पानी एकदम बदललं की मासा तग धरत न्हाई. तुमचं पानी जरा जरा माज्या घागरीत घालावं लागतंय. मग मासे सोडायचे, माज्या पान्यासकट."

"मग चंद्रभान शेंदील."

"किती घालायचं, त्याला कळतंय का?"

चंद्रभाननं नकारार्थी मान हलवली. किशनराव घराकडं बघत राहिले, मग बाजूला सरले.

तिच्या घराण्यात कुणी त्या पोहऱ्याला हात लावला नव्हता. तिनं शेंदलं. ओंजळ ओंजळ पाणी घागरीत घातलं, मासे न्याहाळले, पुन्हा घातलं. ऊन पायरीवर उतरेपर्यंत घाई केली नाही. मग घागर दोराला बांधून खाली सोडली नि पाण्यात कलंडवली. मासे सुळकन तळाला गेले.

ती घरी गेली नि घटकाभरानं परत आली. डोक्यावर घागर होती, रिकामी.

"आता काय?" किशनरावांनी विचारलं. "मासे कुठंयत?"

"घरी तीस हायत की. त्यांना ताजं पानी लागतंय."

तिनं पोहरा आत सोडला.