गंगेला दिलेली कावड

शिडीची पायरी उन्हाने इतकी तापली होती, की मुखरूने तिच्यावर आधी थोडं पाणी ओतलं आणि मग पाय ठेवला. खांद्यावरचा टिनाचा पिपा त्याने टाकीच्या कडेवर टेकवला आणि आत उलटा केला. रिकाम्या टाकीत पाणी पडल्याचा मोठा आवाज झाला. खाली उभ्या असलेल्या केवळरामने दचकून बाजाराच्या रस्त्याकडे पाहिलं.

"हळू ओत ना रे. सारं गाव उठवशीन."

गाव उठणार नव्हतं. वैशाखातल्या दुपारी सोनघाटात कुत्रीसुद्धा नाल्यातल्या ओलीवर पोट टेकून पडायची. म्हणून तर केवळरामने ही वेळ धरली होती. तो नगरपालिकेचा कारकून. गावात नगरपालिकेला कोणी नगरपालिका म्हणत नसे, कमेटी म्हणत. कमेटीची जाहिरात, दवंडी, वर्तमानपत्रात पाठवायची बातमी, पाहुण्यांचे हारतुरे हे सगळं केवळरामकडे होतं. त्या दिवशी त्याच्याकडे टाकी भरण्याचंही काम आलं होतं, कारण सूर्य कलल्यावर नागपूरहून मंत्री येणार होते आणि सोनघाटच्या पहिल्या नळाचं उद्घाटन करणार होते. टाकी बांधून झाली होती, नळ बसला होता, नळाला आंब्याचं तोरणही झालं होतं. नदीतून पाणी वर चढवणारं इंजिन तेवढं आलं नव्हतं. ते वाटेत होतं. ते होळीपासून वाटेत होतं.

मुखरूने वैनगंगेवरून दुसरी खेप आणली. कावडीच्या बांबूखाली त्याच्या उजव्या खांद्यावर बैलाच्या मानेसारखा घट्टा पडला होता. तो ढिवर होता. त्याचे भाऊबंद जाळी टाकत, पण मुखरूच्या घरात कावड आली होती बापाच्या बापापासून, आणि गावातल्या मोठ्या घरांचं पिण्याचं पाणी त्याच कावडीवर चालायचं. आता खांदा बोलत होता. हात वर करून सदरा घालायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्याला पोरगा नव्हता, आणि पुढची वर्षं कशी निघणार हा घोर त्याने बायकोला, गोकुळालाही बोलून दाखवला नव्हता. गोकुळाला तो माहीत होता, ही गोष्ट वेगळी.

"नळाले चावीवाला लागन म्हणे," त्याने पिपे भुईवर टेकवत विचारलं. "सकाळी चावी फिरवाची, संध्याकाळी बंद कराची. खरं हाये का?"

"तूच तं हायेस तो," केवळराम म्हणाला. "नानाजी आज सभेत सांगणार हायेत. पण आधी टाकी भर."

मुखरूने टाकी भरली.

नानाजी गुंडावार म्हणजे कमेटीचे अध्यक्ष. त्यांची धानाची गिरणी होती, आणि बोलणंही गिरणीसारखं, कोंडा बराच आणि तांदूळ मोजका. पण त्या दिवशी ते खरंच छान बोलले. मंत्री लोडाला टेकले होते, बायामाणसं उन्हात बसली होती. नानाजींनी मुखरूला हाताने धरून व्यासपीठावर ओढलं, त्याचा सदरा बाजूला करून खांद्यावरचा घट्टा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "बंधूंनो, हा खांदा बघा! आजपासून सोनघाटच्या माणसाच्या खांद्यावर कावड दिसणार नाही. आणि या नळाची चावी राहील ती या मुखरूच्याच हाती!"

टाळ्या वाजल्या. मुखरू खाली मान घालून उभा राहिला. लाज त्याला सदरा ओढल्याची वाटत होती आणि आनंदही त्याच जागी होत होता.

मग फोटो झाला. फोटोसाठी गोकुळाला नळाखाली घागर धरायला उभं केलं होतं. मंत्र्यांनी तोटी फिरवली, पाणी आलं, घागर भरली. चांद्याहून आणलेल्या फोटोवाल्याला आणखी एक फोटो हवा होता. तोवर धार बारीक झाली होती. केवळराम घाईने पुढे झाला, गोकुळाच्या हातातली घागर त्याने शिपायाकडे दिली, शिपाई मागून शिडी चढला आणि घागर पुन्हा टाकीत रिकामी झाली. तेच पाणी दुसऱ्यांदा आलं. गोकुळा दोन्ही फोटोंत हसली, कारण हस म्हणून सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मुखरूने ती चूक केली, जी ढिवराशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

ढिवरांची एक रीत आहे. ज्याने घर पोसलं ते जाळायचं नाही आणि विकायचं नाही. जाळं विरलं, डोंगा फुटला, की त्याला हळदकुंकू लावायचं आणि गंगेत सोडायचं. वैनगंगेला ते नुसतं गंगाच म्हणतात. आणि एकदा सोडलं की ते काम परत हाती घ्यायचं नाही, नाहीतर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. तसा पाचजणांपुढे बोललेला शब्दही त्यांच्यात फिरत नाही. मुखरूच्या दृष्टीने पाचजण काय, सगळं गाव बसलं होतं, वर मंत्री. सभा आणि पंचायत यांत फरक असतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने कावडीला हळदकुंकू लावलं. गोकुळाने ओवाळलं. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने बांबू प्रवाहात सोडला आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

नळाचं पाणी दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुखरू कमेटीच्या पायरीवर जाऊन बसू लागला.

"नळाले पाणीच नाई, तं चावी कशाची फिरवशीन?" नानाजी म्हणाले. "इंजिन येऊ दे. आन् हे पाह्य, घरी पाण्याची बोंब हाये. उद्यापासून कावड घेऊन ये."

"कावड गंगेले देल्ली, मालक."

नानाजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पोट धरून हसले.

"अरे बयताडा! दुसरी कर ना. जंगलात बांबूले काय दुष्काळ पडला?"

"देल्लेलं मांगता येत नाई, मालक. तुमी सांगतलं, तवा देल्ली."

"म्या सभेत सांगतलं," नानाजी म्हणाले, आणि हे उत्तर त्यांना अगदी पुरेसं वाटलं.

पाऊस आला, गेला. इंजिन वाटेतच राहिलं. नानाजींच्या घरी आता गोकुळा डोक्यावरून पाणी नेत होती, कारण घागरीला ती रीत लागू नव्हती आणि चूल कुणाच्या रितीसाठी थांबत नाही. नानाजींच्या पत्नी अन्नपूर्णाबाई तिच्या पदरात तांदूळ घालायच्या. ती खेपा घालून आली की मान धरून बसायची. मुखरू तिच्याकडे बघायचा नाही. तो आंगणात बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचा, आणि विणताना खांदा दुखला तर मनाशी म्हणायचा, बरं झालं, दुखायलाच पाहिजे. कमेटीच्या सभागृहात मात्र गोकुळाचा फोटो चौकटीत लागला होता. सरकारच्या मासिकातही तो छापून आला होता.

मासिकातला तो फोटो बघूनच नागपूरचे एक साहेब सोनघाटचा नळ पाहायला निघाले. येण्याचं कळलं आदल्या दिवशी. केवळराम स्वतः ढिवरांच्या मोहल्ल्यात आला. त्याच्या काखेत एक खाकी सदरा होता आणि हातात आडवी मूठ असलेली लोखंडी चावी.

"घे," तो म्हणाला. "झालास चावीवाला. सदरा कमेटीचा हाये, सांभाळून वापर."

मुखरूने चावी हातात घेतली. ती वजनदार होती. त्याने मूठ दोनदा फिरवून पाहिली.

"आन् पाणी?"

"तेच सांगाले आलो. टाकी भरून ठेव. बायांले नको आणू, साहेबाच्या कानावर जाईन. कावडीनं गुपचूप भर. एकदाच."

"केवळरामभाऊ, म्या कावड..."

"मालूम हाये मले. पण चावी पायजे का नाई, सांग."

मुखरूने गोकुळाकडे पाहिलं. ती ओट्यावर मान चोळत बसली होती. त्या मानेकडे बघूनच त्याने हो म्हटलं.

नवा बांबू त्याने ओलाच तोडून आणला. नवी कावड उचलण्याआधी तिला कुंकू लावतात. गोकुळाने कुंकवाची डबी फडताळातून काढली, हातात धरली आणि पुन्हा आत ठेवली. मुखरूने कावड तशीच खांद्यावर घेतली. तो खेपा घालत असताना मोहल्ल्यातला पोचू नावाचा म्हातारा नदीवर जाळं झटकत होता. त्याने मुखरूच्या खांद्यावरची कावड पाहिली आणि तोंड फिरवलं. हे तोंड फिरवणं मुखरूला ओल्या बांबूपेक्षा जड झालं.

साहेब आले. त्यांचा फोटो काढायला चांद्याचा फोटोवालाही आला होता. साहेब भले माणूस दिसत होते. शेवटच्या खेपेने ओल्या झालेल्या अंगावरच खाकी सदरा चढवून मुखरूने चावी फिरवली. साहेब तोटी उघडून ओंजळीने पाणी प्यायले.

"वा! नदीच्या गढूळ पाण्यापेक्षा किती फरक आहे बघा," ते नानाजींना म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुखरूकडे गेलं. "अरे, तुझा खांदा भिजलाय सगळा."

नानाजी, केवळराम, शिपाई, सगळे मुखरूकडे बघू लागले. मुखरूने सदऱ्याच्या ओल्या खांद्यावर डावा हात ठेवला. एक वाक्य पुरे होतं. ते त्याच्या तोंडात आलंही होतं. पण त्याच्या दुसऱ्या हातात चावी होती.

"नळ गळते थोडासा, साहेब," तो म्हणाला. "करतो दुरुस्त."

साहेबांनी मान डोलावली. नानाजींनी श्वास सोडला. मोटार धूळ उडवत गेल्यावर केवळरामने मुखरूच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास. आता सदरा काढ."

"काऊन?"

"पुढच्या पाहुण्याले लागन ना. धुवून ठेवतो."

"आन् चावी?"

केवळरामने कोरड्या पडत चाललेल्या नळाकडे पाहिलं.

"राहू दे तुझ्यापाशीच. इंजिन येतवरी तिचं कामच काय."

"पगार?"

"पगाराचंही इंजिन आल्यावरच," केवळराम म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण त्याने सदऱ्याची घडी उगाच तीनतीनदा घातली.

मुखरू उघड्या अंगाने घरी आला. कावड भिंतीला टेकवून तो भुईवर बसला. बराच वेळ त्याने चावी मांडीवर ठेवून घेतली होती.

"हे पण गंगेले द्यू काय?" त्याने विचारलं.

गोकुळा तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"इनं आपलं घर पोसलं काय?"

"नाई."

"मंग? गंगामाय काय उकिरडा हाये?" तिने सुपातला खडा बाहेर फेकला. "जिनं ज्याचं घर पोसलं, त्यानं तिले न्यावं गंगेवर. इनं कमेटीचं घर पोसलं. कमेटीले द्या."

मुखरू तिच्याकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईला राग येतो हे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग फडताळातून कुंकवाची डबी त्याने स्वतःच काढली.

सकाळी बाजाराला निघालेल्या माणसांना नळाशी कावड दिसली. तोटीला बांबू टेकवलेला, हळदीने पिवळा, कुंकवाने लाल. दोन्ही पिपे उपडे घातलेले. नळाच्या मानेला सुतळीने बांधलेली चावी लोंबत होती. अर्थ सगळ्यांना कळला: जिने कमेटीला पोसलं ती चावी आणि ती कावड, दोन्ही आता कमेटीनेच गंगेवर न्यावीत. नदीकाठच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बायका उभ्या राहिल्या, कुणी हात जोडले, कुणी पदर तोंडाला लावला. कावडीला हात लावायला कोणी तयार होईना, शिपाईसुद्धा.

नानाजी आले. त्यांचा चेहरा आधी काळा पडला, मग हळूहळू उजळला.

"केवळराम, कालचा फोटोवाला गेला काय?"

"नाई, मोटार चुकली त्याची."

"बोलाव."

केवळराम जागचा हलला नाही. तोही याच नदीवर वाढला होता, त्याच्या मावशीचं घर ढिवर मोहल्ल्याला लागून होतं.

"नानाजी, हे म्हणजे... मेलेल्याले निरोप देते तसं हाये. हे ढिवरं आपल्याले..."

"मालूम हाये मले काय हाये ते. नागपूरले मालूम हाये काय?"

केवळराम फोटोवाल्याला बोलवायला गेला.

हा दुसरा फोटोही मासिकात आला आणि कमेटीच्या सभागृहात पहिल्याशेजारी लागला. मधोमध नळ, त्याला टेकलेली सजवलेली कावड, भोवती हात जोडलेल्या बायका. खाली केवळरामच्या वळणदार अक्षरात मजकूर आहे: 'नळयोजनेबद्दल कृतज्ञ झालेल्या सोनघाटवासीयांनी जलदेवतेची मनोभावे पूजा बांधली.' दोन नवी गावं त्या फोटोमुळे नळ मागू लागली, असं नानाजी पुढे बऱ्याच सभांतून सांगत.

मुखरू त्या फोटोत नाही. तो तेव्हा बल्लारशाहच्या वाटेला लागला होता, खाणीत टोपल्या उचलायला, डाव्या खांद्यावर.

फोटोच्या अगदी कडेला मात्र डोक्यावर घागर घेतलेली एक बाई पाठमोरी चालली आहे. ती कडा कापून टाका, असं केवळरामने फोटोवाल्याला सांगितलं होतं, पण कापली तर हात जोडलेली एक बाईही जात होती. म्हणून ती राहिली. पाहुणे तिच्याविषयी विचारत नाहीत. गावातले लोक चालीवरून ओळखतात, ती गोकुळा आहे, नानाजींच्या घरचं पाणी आणायला नदीवर निघाली आहे.