आत्याला सायकल शिकवली, तो फाल्गुन

माझी पहिली विद्यार्थिनी माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी होती. ती म्हणजे माझी सिंधूआत्या.

१९६७ साल होतं. मी दहा वर्षांची. नागपुरात इंदोऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच आत्याचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. तिने नर्सचा कोर्स पुरा केला आणि थंडी सरता सरता नेमणुकीचा कागद आला. मौद्याचा दवाखाना, आणि त्याच्या पलीकडची पाच गावं. एक एप्रिलला हजर व्हायचं. त्या गावांना मोटार जात नव्हती.

माझ्या वडिलांना, बाबूजींना, ते पटलं नाही. एकटी बाई पाच गावं पायी कशी फिरेल, असं त्यांचं म्हणणं. रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात चिकटवून देतो, ओळख आहे, असं ते दोन-तीनदा म्हणाले. रात्री भांडी घासताना मात्र आत्या मला हळूच म्हणाली, "जया, तुले सायकल येते नं? मले शिकव."

खरं तर मलाही अर्धीच येत होती. बाबूजींची काळी, उंच सायकल, मधे आडवा दांडा. मी दांड्याखालून पाय घालून कैची मारायची, सीटवर कधी बसलेच नव्हते. पण हे मी आत्याला सांगितलं नाही. मास्तरीण व्हायची संधी कोण सोडतं?

बाबूजी गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते, नऊला निघायचे. तोवर सायकल रिकामी. उजाडायच्या आधी आम्ही ती उचलून दाराबाहेर काढायचो, चाकांचा आवाज नको म्हणून. शाळेच्या मैदानावर जायचो. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती, कुठून तरी मोहोराचा वास यायचा, आणि थंडी एवढीच उरली होती की पळालं की बरं वाटायचं. मी तर रोज पळतच होते. आत्या आईचं नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसायची, दगडावर चढून सीटवर बसायची आणि मी मागून कॅरियर धरून धावायची.

"सोडू नको वं."

"नाही सोडत. पुढे पाहा, चाकाकडे नको."

असे दहा दिवस गेले. ती डावीकडेच झुकायची. माझे हात भरून यायचे, शाळेत लेखणी धरवायची नाही, पण झोपताना मला सकाळची घाई झालेली असायची.

अकराव्या दिवशी मी न सांगता हात सोडला. आत्या गेली. मैदानाची लांब बाजू गेली, वळली, आणि समोरून मी नुसतीच उभी आहे हे तिला दिसलं. त्याबरोबर सायकल थेट विटांच्या ढिगाऱ्यात. मी धावले तर ती खाली बसून हसत होती. कोपर सोललेलं, लुगड्याला माती. "जया, मी चालवून राहिली होती. मी एकटी चालवून राहिली होती," एवढंच म्हणत होती.

हँडल मात्र वाकडं झालं होतं. घरी आलो तर बाबूजी दातात काडी धरून दारातच उभे. आत्याने काही लपवलं नाही. मौद्याला मी सायकलनं फिरणार, म्हणून शिकते आहे, असं तिने सरळ सांगितलं.

बाबूजींनी तिच्या कोपराकडे पाहिलं. मग काडी फेकली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हँडल सरळ केलं. घरातून पाना आणला आणि सीट दोन बोटं खाली घेतली.

"उंच होती तुले," ते म्हणाले. "पाय टेकले पाहिजे खाली. मले काहून नाही सांगितलं?"

एक एप्रिलला शनिवार होता. माझी शाळा बुडाली, कारण मास्तरणीशिवाय जायला आत्या तयार नव्हती. बाबूजींनी स्वतः बसच्या टपावर चढून सायकल दोराने बांधली. दुकानात पायी जाईन, वर्षभर चालायचंच राहून गेलं होतं, असं म्हणाले.

दवाखान्यात सही करून आत्या लगेच पहिल्या गावाला निघाली. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना पळस फुललेला, एक पान नाही, नुसती लाल-केशरी फुलं. डबल सीट तिने कधी चालवली नव्हती, म्हणून मी मागून धावायचं ठरलं. पण ती वेगात निघाली आणि धुळीत दिसेनाशी झाली. मी रस्त्यात एकटी. रडू येणार तेवढ्यात घंटी वाजली. आत्या वळून परत येत होती, मैदानावरच्यासारखी न झुकता.

"बस मागे," ती म्हणाली. "पडलो तं दोघी पडू."

मी बसले. सायकल डगमगली, सावरली, आणि मग पळस मागे पळायला लागले. आपण बसायचं आणि चालवणारं दुसरंच कुणी, हे सुख मला त्या दिवशी कळलं. मी मोठ्याने गात होते, काय ते आठवत नाही.

गावाच्या वेशीवर विहिरीशी बाया होत्या. दोर हातात धरूनच त्या थांबल्या. लुगड्यातली बाई सायकलवरून उतरते हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आत्याने नाव सांगितलं, कामाचं सांगितलं, लेकरांना टोचायला येणार म्हणाली. शेवटी बायजाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. तिने सायकलची सीट दाबून पाहिली, कॅरियर हलवून पाहिलं.

"मले बसवतं का वं?" तिने विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दोघींनी मिळून आम्ही म्हातारीला वर बसवलं, आणि आत्याने तिला घेऊन गावाला एक फेरी मारली. मागे पोरं, पोरांमागे बाया, आणि सगळ्यांत पुढे, रस्ता मोकळा करत, मी.

आत्या त्या पाच गावांत अकरा वर्षं होती. बाबूजींनी सायकल परत मागितली नाही.